न जुळणारं शेपूट

माझे वडील शिकलगार होते, आडनावानंही आणि धंद्यानंही. कोल्हापुरात राजारामपुरीच्या एका कोपऱ्यावर पायानं चाक फिरवत ते कात्र्या, विळ्या आणि आडकित्त्यांना धार लावायचे. धार जास्त झाली म्हणून कुणी गिऱ्हाईक कुरकुरलं तर म्हणायचे, "घासल्यालं पोलाद परत चिकटवता येत न्हाय, पावणं. आदी सांगायचं हुतंसा, किती घासू ते." मी कॉम्प्युटरवर बसायला लागलो तेव्हा त्यांना बरं वाटलं. पोरगं असल्या धंद्यात गेलं, की जिथं चुकलेलं खोडता येतं, असं ते शेजाऱ्यांना सांगत. पंचवीस-तीस वर्षं ते खरंही होतं. दूध संघांचे हिशेब, शाळांचे निकाल, दवाखान्यांच्या नोंदी, असली कामं केली. चुकलं की खोडलं, परत लिहिलं. पन्नाशीनंतर मी ज्या कामात पडलो त्यात मात्र खोडायची सोय नाही.

आमच्या ऑफिसात स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट तयार होतात. नाव भारी आहे, गोष्ट साधी आहे. तो एक करारनामाच असतो, पण स्टॅम्पपेपरवर नसतो, प्रोग्रॅमच्या रूपात असतो. "असं झालं तर तसं करायचं" अशी कलमं त्यात असतात आणि ती पाळायला वकील लागत नाही की पंच लागत नाहीत, तो प्रोग्रॅमच पाळतो. हा करार ब्लॉकचेनवर चढवतात. ब्लॉकचेन म्हणजे जगभरच्या कितीतरी कॉम्प्युटरांवर एकाच वेळी ठेवलेली एकच नोंदवही. तिच्यात चढलेलं कुणालाही खोडता येत नाही, लिहिणाऱ्यालाही नाही.

आता आम्ही जे लिहितो ते माणसाला वाचता येतं, यंत्राला येत नाही. म्हणून मध्ये कंपायलर लागतो. जावास्क्रिप्टमध्ये त्याचं तयार पॅकेज मिळतं. आमची एक छोटी स्क्रिप्ट आहे. ती कराराची फाइल उचलते, सोबत सूचना जोडून त्या पॅकेजच्या हवाली करते आणि दोन गोष्टी परत आणते. एक, आकड्याअक्षरांची भलीमोठी रांग. तिला बायटकोड म्हणतात आणि तीच वर चढते. दुसरी, करारात कुठली दारं आहेत आणि कुठल्या दारातून काय आत द्यायचं याची यादी. हे काम वेबसाइटवर बटण दाबूनही होतं. पण आज काय काय दाबलं ते माणूस उद्या विसरतो. स्क्रिप्ट विसरत नाही, असं मी सगळ्यांना ठासून सांगत आलो.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची येतात. एका तालमीच्या वस्तादांना कुस्त्यांचे निकाल चढवायचे होते, म्हणजे पुढं कुणी "माझी पाठ लागलीच नव्हती" म्हणायला नको. तासभर समजावून झाल्यावर त्यांनी विचारलं, "आन् पंचानंच खोटा निकाल दिला तर?" म्हटलं, "तर तो खोटा निकाल कायमचा राहील." वस्ताद चहा अर्धा टाकून उठले. "मग आमचं आखाड्यातलं भांडानच बरं की वो. त्ये मिटतं तरी."

सुरुवातीला मी स्वतःही ठेच खाल्ली. कंपायलरच्या आवृत्त्या सारख्या निघत असतात. पॅकेजच्या आकड्याआधी टोपीसारखं एक चिन्ह टाकलं, की त्याचा अर्थ "हीच आवृत्ती, नाहीतर हिच्या जवळपासची नवी चालेल" असा होतो. मी ते तसंच राहू दिलं. नव्या मशिनवर पॅकेज बसवलं आणि त्यानं गुपचूप नवी आवृत्ती आणली. फाइल तीच, सूचना त्याच, पण बायटकोड वेगळा निघाला. चढवायच्या आधी लक्षात आलं म्हणून वाचलो. त्या दिवसापासून टोपी काढली. आवृत्तीचा आकडा पूर्ण लिहायचा आणि त्याला कुलूप लावायचं, हा ऑफिसचा नियम झाला.

असे माझे नियम बरेच आहेत आणि ते लोकांना जाचतात, हे मला ठाऊक आहे. स्वभाव संशयी. या धंद्यात तो गुण आहे. माणसांत वावरताना त्यानं वाटोळं होतं. नियमांखेरीज काही सवयी आहेत. नवी फाइल उघडली की पहिल्या ओळीत ७८६, म्हणजे बिस्मिल्लाचा आकडा, लिहायचं, खाली एक ओळ मोकळी सोडायची आणि मग कामाला लागायचं. वडील नव्या वहीवर लिहायचे, मी फाइलवर लिहितो. कोडमध्ये दोन तिरप्या रेघा मारून पुढं काहीही लिहिलं तरी ती नुसती टीप असते. यंत्र ती ओलांडून जातं, कलमांवर काही परिणाम होत नाही.

आमच्या ऑफिसात मी आणि देसाईबाई अशी दोनच माणसं. राजारामपुरीत खाली दातांचा दवाखाना, वर कोचिंग क्लास आणि मधल्या मजल्यावर आम्ही. देसाईबाई म्हणजे सुरेखा देसाई, चाळिशीतल्या, आजऱ्याजवळच्या शेतकरी घरातल्या. डेटा एंट्रीला म्हणून आल्या आणि बघता बघता कोड वाचायला लागल्या, मग लिहायला. मी ओरडलो तरी त्या शांत असतात. माझ्या टेबलावरचा पेनही त्या माझ्या परवानगीशिवाय हलवत नाहीत.

आजऱ्याचं काम त्यांच्याच ओळखीनं आलं. तिथं बायकांचा एक गट काजू भाजतो, फोडतो, सोलतो आणि प्रत लावून डब्यात भरतो. गटाच्या प्रमुख शेवंताक्का. बाहेरदेशीच्या एका खरेदीदारानं त्यांचा काजू पसंत केला, पण अट घातली. प्रत्येक खेपेतला काजू कुठल्या गावच्या झाडाचा, कधी भाजला, कुठली प्रत, हे सगळं अशा ठिकाणी लिहा की मागाहून कुणाला बदलता येऊ नये. स्वस्तातला परका काजू आजऱ्याचा म्हणून खपवला जातो, याचा त्यांनी कुठंतरी अनुभव घेतला असावा. मी करार लिहिला. त्यातलं मुख्य कलम एकच: खेपेवर एकदा शिक्का बसला की ती नोंद शेवंताक्कांनाही हलवता येणार नाही.

करार चढवायचा दिवस ठरला आणि त्याच दिवशी माझ्या बायकोचं, नसीमचं, हृदयाचं ऑपरेशन आलं. आदल्या दिवशी मी फाइल शेवटची साफसूफ केली, सामायिक फोल्डरमध्ये ठेवली आणि देसाईबाईंना म्हटलं, "उद्या तुम्ही कंपाइल करा आणि चढवा. मला फोन करू नका." त्यांनी केलं. संध्याकाळी एकच मेसेज आला: "चढलं. वहिनी कशा आहेत?" नसीम वाचली. पुढं दोन वर्षं आजऱ्याचा काजू त्या करारावरून सुरळीत गेला. मूळ फाइल सगळ्यांना बघता येईल अशी तेव्हाच जाहीर करून पडताळून घ्यायला हवी होती. कुणी मागितली नाही आणि मी आळस केला, हे इथं कबूल करतो.

यंदाच्या उन्हाळ्यात खरेदीदाराकडं एक निनावी तक्रार गेली. आजऱ्याच्या गटाची दाखवायची फाइल वेगळी आणि चढवलेली वेगळी, चढवलेल्या करारात चोरदार आहे, शिक्का बसल्यावरही नोंद बदलता येते, आणि करार तयार करणाऱ्या ऑफिसातल्या बाईची जाऊ त्याच गटात काम करते, असं तिच्यात लिहिलं होतं. जावेचं खरं होतं. ती तिथं काजू सोलते.

खरेदीदारानं खेप थांबवली आणि पुण्याच्या एका तपासनीस बाईंकडं, लिमये त्यांचं नाव, प्रकरण सोपवलं. लिमयेबाईंचं म्हणणं सरळ होतं. तुमची मूळ फाइल द्या, कंपायलरची आवृत्ती आणि सूचना द्या, तुमच्या-माझ्या डोळ्यांदेखत कंपाइल करा. निघालेला बायटकोड आणि दोन वर्षांपूर्वी वर चढलेला बायटकोड अक्षर न् अक्षर जुळला, तर तक्रार खोटी. कारण मग फाइलमध्ये दिसतं तेच वर आहे. नाही जुळला, तर खेप दुसऱ्या गटाला. मुदत सोमवारी संध्याकाळी पाच.

मी निर्धास्त होतो. हातच्या कांकणाला आरसा कशाला, असंच माझं म्हणणं होतं. शेवंताक्का सकाळच्या एसटीनं आजऱ्याहून आल्या होत्या. पंख्याखालची खुर्ची धरून त्या बसल्या. काजूच्या चिकानं काळी पडलेली बोटं मांडीवर एकात एक अडकवलेली. आजऱ्यात गाडी डबे भरून उभी होती आणि ड्रायव्हर दर अर्ध्या तासानं त्यांना फोन करत होता. दोन वाजता लिमयेबाई पडद्यावर आल्या. मी माझी स्क्रीन त्यांना दाखवली, फोल्डरमधली फाइल उघडून जाहीर केली आणि स्क्रिप्ट चालवली. बायटकोड आला. तो वरच्या बायटकोडला लावून पाहिला.

जुळला नाही.

मला वाटलं काहीतरी चुकून राहिलं. पुन्हा चालवली. पुन्हा तेच. मग दोन्ही रांगा शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या, तेव्हा दिसलं की सगळं अंग तंतोतंत सारखं आहे, फरक आहे तो अगदी शेवटच्या तुकड्यात. हा तुकडा म्हणजे आमच्या भाषेत शेपूट. कंपायलर बायटकोडच्या शेवटी मूळ मजकुराचा ठसा जोडतो. हा ठसा हुशार नसतो, नुसता काटेकोर असतो. कलम बदललं तर तो बदलतोच, पण एखादी टीप, एखादी मोकळी जागा, फाइलचं नाव, यातलं काहीही इकडचं तिकडं झालं तरी बदलतो.

मी लिमयेबाईंना म्हटलं, "अंग जुळतंय. म्हणजे कलमं तीच आहेत. फरक फक्त शेपटात आहे. फाइलमध्ये कुठंतरी एखादी मोकळी जागा जास्त झाली असेल."

"मला समजतंय, शिकलगार साहेब," त्या म्हणाल्या. "तक्रार नसती तर मी एवढ्यावर सही केली असती. पण तक्रारच अशी आहे, की दाखवायची फाइल वेगळी आणि चढवलेली वेगळी. आणि तुम्ही मला दाखवताय ती फाइल चढवलेली नाही, हे आत्ता सिद्ध झालंय. माझ्या फॉर्मात पूर्ण जुळते आणि जुळत नाही असे दोनच रकाने आहेत. जवळजवळ असा रकाना नाही. पाचपर्यंत मी आहे."

त्यांचं चुकत होतं असं मला तेव्हाही वाटलं नाही. त्यांच्या जागी मी असतो तर याहून कडक वागलो असतो. घड्याळात पावणेतीन झाले होते.

शेवंताक्कांना इंग्रजी आकड्यांतलं काही कळत नव्हतं, पण माणसाचं तोंड वाचता येत होतं. "काय वो सायब, जुळंना व्हय?"

"जुळेल, अक्का. थोडा वेळ द्या."

मी स्क्रिप्टला नवं काम लावलं. एकेक कारण हातानं तपासण्यापेक्षा यंत्रालाच सांगितलं, की फाइलचं नाव बदलून बघ, ओळींची शेवटची खूण बदलून बघ, खाली एक मोकळी ओळ वाढवून बघ, काढून बघ, आणि प्रत्येक वेळी कंपाइल करून शेपूट लावून बघ. आवृत्तीला कुलूप होतं, तरी मागची-पुढची आवृत्तीही घातली. प्रोग्रॅमनं कंपाइल करण्याचा हा फायदा. माणूस दहाव्या वेळी कंटाळतो, यंत्र कंटाळत नाही. पडद्यावर एकाखाली एक ओळी उमटायला लागल्या. नाही. नाही. नाही. वर कोचिंग क्लासमधली मुलं एका सुरात कसली तरी सूत्रं म्हणत होती. माझा शर्ट पाठीला चिकटला होता.

चार वाजत आले. शेकड्यांनी प्रयोग झाले आणि एकही जुळला नाही. तेव्हा माझ्या डोक्यात जे दुपारपासून घुटमळत होतं ते वर आलं. करार चढला त्या दिवशी ऑफिसात एकच माणूस होतं. मी खुर्ची वळवली.

"देसाईबाई, त्या दिवशी फाइलला हात लावला होता का?"

"न्हाय सर. तुम्ही ठेवलेली तीच घेतली. एका कलमाला हात लावला न्हाय."

"तुमच्या मशिनवरची फाइल कुठं आहे?"

"त्ये मशिन बदललं की सर, गेल्या पावसाळ्यात. चढवलेला बायटकोड आन् पत्ता तेवढा फोल्डरमदी ठेवला मी. फाइल तुमची हुतीच तितं. वरनं माझी कशाला टाकू?"

"मग ही फाइल काय आपोआप बदलली?" माझा आवाज चढला होता. लिमयेबाई पडद्यावर होत्या, शेवंताक्का समोर होत्या, आणि ते मला दिसत होतं तरी मी थांबलो नाही. "तुमची जाऊ तिथं कामाला आहे. बाहेरची माणसं काय समजतील ते तुम्हाला मी सांगायला नको. काही केलं असेल तर आत्ता सांगा."

देसाईबाई उठल्या, पदर सारखा केला आणि बाहेर गॅलरीत जाऊन उभ्या राहिल्या.

शेवंताक्का म्हणाल्या, "सायब, माज्या देकत बोललासा, बरं झालं. आता माजं ऐका. तिची जाऊ सात वर्सं माज्याकडं काजू सोलती. जाताना पदर झाडून दावती, कुनी सांगितलं न्हाय तरी. त्या घरातनं खोटं याचं न्हाय. तुमचं ते मिशिन खोटं बोलत आसंल."

"मशिन खोटं बोलत नाही, अक्का."

"मग तुमी काय तरी इसरलाय."

मला राग आला. मी विसरत नाही म्हणूनच तर हा धंदा चालला होता. परत पडद्याकडं वळलो आणि आणखी प्रयोग घातले. टिपांमधल्या मोकळ्या जागा, टॅब, फोल्डरचं नाव. सव्वाचार. चार पंचवीस. ड्रायव्हरचा फोन आला आणि शेवंताक्कांनी तो उचलला नाही. साठ बायकांचा हंगाम त्या गाडीत होता, आणि ही खेप गेली तर खरेदीदार परत फिरकणार नव्हता.

गॅलरीचं दार वाजलं. देसाईबाई माझ्या खुर्चीमागं येऊन उभ्या राहिल्या. डोळे लाल होते, आवाज मात्र नेहमीचा.

"सर, एक विचारू? तुमची ती पहिली ओळ धरलीय न्हवं?"

"कुठली ओळ?"

"सातशे शहाऐंशी."

"ती या फाइलमध्ये नाही. ती मी काढतो."

"काढता?" त्यांना खरंच कळलं नव्हतं. "कधी काढता?"

"शेवटच्या कंपाइलआधी. प्रत्येक वेळी. ते काम एरवी मीच करतो."

"का?"

या 'का'चं उत्तर मी आजवर कुणाला दिलं नव्हतं. बऱ्याच वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाला स्क्रीनवर काम दाखवत होतो. पहिली ओळ त्यानं वाचली, माझ्याकडं बघितलं आणि काही बोलला नाही. पुढचं काम आलं नाही. कारण तेच होतं असं मी शपथेवर सांगू शकत नाही. दर जास्त वाटला असेल, काहीही असेल. पण तेव्हापासून काम करताना ओळ ठेवायची आणि जगापुढं जायच्या आधी पुसायची, असं सुरू झालं. पुढं पुढं तर पुसतोय हेही जाणवेनासं झालं. त्याला मी साफसफाई म्हणायला लागलो होतो.

देसाईबाईंनी उत्तराची वाट पाहिली नाही. "त्या दिवशी मी फाइल उघडली तर वर काहीच न्हवतं. मला वाटलं, सरांचं चित्त ठिकाणावर न्हाय, वहिनी टेबलावर हाईत, गडबडीत राहून गेलं. आपली एक फाइल त्याच्याबिगर सुरू झालेली मी बघितली न्हाय. तशीच चढवायला मला कसंतरी वाटलं. म्हणून लिवली. तुमचंच तुमच्या जागी ठेवलं, ह्यात बदल केला असं मला वाटलंच न्हाय, सर."

मी कीबोर्ड जवळ ओढला. त्यांनी म्हटलं, "लिवा की."

मी फाइल उघडली. दोन तिरप्या रेघा, एक जागा, ७८६. स्क्रिप्ट चालवली. चार छत्तीस झाले होते. कंपायलरला दोन-तीन सेकंद लागतात.

नाही.

"खाली एक ओळ मोकळी सोडता तुम्ही," मागून आवाज आला. "मी पण सोडली हुती."

एंटर मारून एक ओळ सोडली. पुन्हा चालवली. या वेळी पडद्यावर दुसरा शब्द आला, जो दुपारपासून एकदाही आला नव्हता. शेपटाची अक्षरं मी एकेक करून बोटानं मोजत वाचली, कारण यंत्रानं जुळलं म्हटलं तरी माझा स्वभाव कुठं जाणार. सगळी जुळली.

लिमयेबाईंनी आपल्या मशिनवर तीच फाइल घेऊन पुन्हा कंपाइल केलं. त्यात पाच मिनिटं गेली. मग त्यांनी विचारलं, "पूर्ण जुळते. फक्त नोंदीसाठी सांगा, ही वरची ओळ काय आहे?"

मी नकळत फाइल सरकवली आणि पहिली ओळ पडद्याबाहेर घालवली. एवढ्या वर्षांची सवय, एकदम सुटत नाही. देसाईबाई पुढं वाकल्या आणि पडद्याकडं बघून शुद्ध मराठीत म्हणाल्या, "आमच्या ऑफिसची फाइल अशीच सुरू होते, मॅडम."

"बरं," लिमयेबाई म्हणाल्या आणि काहीतरी टाइप केलं. "ओळ टाकलेली फाइल जाहीर करा, आधीची काढा. खेप मोकळी आहे."

ती फाइल आता जगात कुणालाही उघडून वाचता येते आणि पहिली ओळ पहिल्या ओळीतच आहे. ती पुसली तर शेपूट जुळायचं नाही, आणि शेपूट जुळलं नाही तर साठ बायकांचा काजू खोटा ठरेल. मी लपवून ठेवलेली गोष्ट अशा ठिकाणी जाऊन बसली, की तिला हात लावायची माझी टाप नाही.

शेवंताक्कांनी सगळं ऐकलं होतं. "म्हंजे काकंत कळसा आन् गावाला वळसा म्हना की. आवो, आमच्या गोदामाच्या दारावर गनपती हाय. तुमच्या कागदावर तुमचं आसंल. त्यात काय लपवायचं?" मग फोन कानाला लावून गॅलरीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या, "सोड रं गाडी!"

त्या गेल्यावर ऑफिसात आम्ही दोघंच राहिलो. मी म्हटलं, "देसाईबाई, मी चुकलो."

मला वाटलं त्या नेहमीसारखं "जाऊ द्या सर" म्हणतील.

"व्हय सर, चुकला," त्या म्हणाल्या. "फाइलचं काय, ती सापडली. जावेचं नाव नको हुतं काढायला, ते पण परक्यांफुडं." पर्स उचलली आणि बस गाठायला गेल्या. दुसऱ्या दिवशी वेळेवर आल्या, काम केलं, पण पुढं बरेच दिवस कामापुरतंच बोलल्या. माझ्या टेबलावरचा पेन अजूनही विचारून हलवतात. ते बघितलं की आता मला पहिल्यासारखं बरं वाटत नाही.

त्या संध्याकाळी घरी गेलो. नसीम गोळ्यांची डबी समोर घेऊन बसली होती. घरात आमची बोली दखनी, पण मला खडसवायचं असलं की ती कोल्हापुरी मराठीत येते. मी सगळं सांगितलं. काजू, शेपूट, गॅलरी, चार छत्तीस. ओळीचंही सांगितलं, मी का काढायचो तेही. हे तिला लग्नानंतर इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कळत होतं. तिनं गोळी घेतली, पाणी प्याली, पेला खाली ठेवला.

"म्हंजे माज्या ऑपरेशनाच्या आदल्या दिवशी तुमी ती वळ पुसलासा," ती म्हणाली, "आन् मी टेबलावर हुते तवा त्या बाईनं ती परत लिवली. मग मी जित्ती उठून बसले ती कुनाच्या लिवन्यानं, तेवढं सांगा की."